कपाटाचं दार आणि दोनशे आवाज

नाही सांगायचं मला. घरात चार माणसं बसली, हातात कप आले, की हिला तेच आठवतं, 'अहो, ते मशीनचं सांगा ना', जसा काही मी घरातला रेडिओच, कान पिळला की सुरू… आणि तुम्हीही असे, की लगेच खुर्च्या पुढे ओढता. दुसऱ्याची फजिती ऐकायची म्हटलं की माणसाचे गुडघेसुद्धा दुखायचे थांबतात. बरं, सांगतो. पण मधे हसायचं नाही. ज्याला हसायचंय त्याने आत्ताच बाहेर जाऊन हसून यावं आणि मग बसावं, कारण तुम्हाला सांगतो, ही हसण्याची गोष्टच नाही, ही अन्यायाची गोष्ट आहे.

मी माणूस नळाचा. उभा जन्म लोकांच्या न्हाणीघरात गेला, पाना हातात आणि पाणी कोपरापर्यंत. शाळा मी सोडली की शाळेने मला सोडलं हे आता दोघांनाही आठवत नाही. पण गिटार वाजवतो. कसा शिकलो ते विचारू नका, त्या गोष्टीत माझी फजिती नाही, म्हणून ती मला कुणी सांगायला लावत नाही. तर आमचा एक लहानसा ऑर्केस्ट्रा आहे, लग्नं, वाढदिवस, निवृत्तीचे समारंभ असली कामं. एक गाणाऱ्या बाई, त्याच आमच्या मुख्य. एक ड्रमवाला, त्याच्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही. एक कीबोर्डवाला, त्याच्याबद्दल बोलण्यासारखं भरपूर आहे, येईलच. आणि डाव्या कडेच्या खुर्चीवर मी. ती खुर्ची लक्षात ठेवा. सगळं महाभारत त्या खुर्चीवरून आहे.

आता गिटारचा आवाज नुसता कसा येतो माहीत आहे? उकडलेल्या बटाट्यासारखा. त्याला तिखटमीठ लावायला पायाखाली पेडलं लागतात. पेडल म्हणजे एक लोखंडी डबी, साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठी, वर खटका. पायाने दाबला की चालू, परत दाबला की बंद. एका डबीला एकच काम. माझ्याकडे अशा चार डब्या, एका ओळीत. पहिली फाटकी, ती आवाज फाडते. दुसरी थंडीताप, तिच्यातून सूर कापत बाहेर येतो. तिसरी विहीर, तिच्यात एक सूर टाकला की खालून चार परत येतात. आणि चौथी रडकी, तिच्याबद्दल सांगायला नको. त्यातली विहीर म्हातारी झालेली, तिचा खटका असा हलक्या पायाने बसायचा नाही, त्याच्यावर टाच ठेवायची आणि देहाचा भार टाकून मनातल्या मनात 'बस गं बाई' म्हणेपर्यंत दाबून धरायचं. मग बसायची. माझ्या पायाला ते इतकं अंगवळणी पडलेलं की झोपेतसुद्धा पलंगाचा खूर दाबून धरतो, विचारा हिला.

ह्या चारही डब्या एका फळीवर स्क्रूने पक्क्या बसवलेल्या. फळी म्हणजे… आता तुमच्यापासून काय लपवायचं, फळी म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार. दोन दिवसांसाठी काढलं होतं. तेव्हा आमची मुलगी दप्तर घेऊन शाळेत जायची आणि आता तिचा नवरा मला अक्कल शिकवतो, यावरून ते दोन दिवस किती लांबले ते तुम्हीच समजा. तेव्हापासून कपाटाला पडदा. आणि ही बाई, हिने एकदा तरी भांडावं? छे. कुणी पाहुणी स्वयंपाकघरात आली की गोड आवाजात सांगायची, 'तो पडदा तेवढा सरकवा हं, आमचं दार कार्यक्रमाला गेलंय.' भांडणारी बायको परवडली हो, ही असली नको.

तर सगळं सुखात चाललेलं, आणि मग तो निवृत्तीचा समारंभ झाला. मोठे साहेब, सगळी नोकरी एकाच कचेरीत काढलेली, बोलायला उभे राहिले आणि बोलता बोलता डोळे पुसायला चष्मा काढला. थांबले. हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता… आणि त्या शांततेत माझ्या फळीतून आवाज आला, खर्रर्रर्र… फुस्स. मी काही केलं नव्हतं, मी हातसुद्धा हलवला नव्हता. पण मागच्या रांगेतून एकजण हसला, मग दुसरा, मग साहेबांच्या सौभाग्यवती तोंडाला रुमाल लावून हलायला लागल्या, आणि त्या रडत नव्हत्या. साहेबांचं भाषण तिथेच संपलं.

कार्यक्रम झाल्यावर बाई माझ्याजवळ आल्या. ओरडल्या असत्या तर मीही ओरडलो असतो, पण त्या शांतपणे म्हणाल्या, 'काका, हे तिसऱ्यांदा झालं. पुढच्या कार्यक्रमात ही खरखर आली, तर तुम्ही घरी आराम करा. आपल्या कीबोर्डमध्ये गिटारचं बटण आहे.' बटण. समजलं का तुम्हाला? माझ्या बोटांना घट्टे पडलेत, तारांनी टोकं कापलीत, आणि माझ्या जागी कोण बसणार, तर बटण. आणि तो कीबोर्डवाला तिकडे वायर गुंडाळत उभा, जणू काही ऐकलंच नाही.

घरी येऊन मी गप्प. माझं गप्प बसणं आमच्या जावयाला लगेच कळतं, कारण ते क्वचित घडतं. तो काहीतरी कंप्युटरचं काम करतो, काय करतो ते त्यालाही नीट सांगता येत नाही. 'बाबा,' म्हणाला, 'तुम्ही अजून सुट्या पेडलांत अडकलात. चार डब्या, आठ वायरी, चार जागी वीज, खरखर येणारच. आता मल्टी-इफेक्ट मशीन मिळतं. एका डब्यात सगळं.'

एका डब्यात सगळं. हे तीन शब्द त्या दिवसापासून माझ्या मागे लागले ते लागलेच.

मी त्याला नीट समजावलं. म्हटलं, जावईबापू, ऐका. घरात प्रत्येक नळाला वेगळा वायसर असतो, तो का? न्हाणीघरातला वायसर गेला तर न्हाणीघर गळतं, स्वयंपाकघर चालू राहतं. आता तुम्ही सगळे नळ एकाच चावीवर बसवले आणि ती चावी बिघडली, मग काय कराल? दात घासायला शेजारी जाल? माझी थंडीताप बंद पडली तर मी तिला बाजूला ठेवून तीन डब्यांवर रात्र काढतो. तुमचा डबा बंद पडला तर मी काय करू, शिट्टी वाजवू? त्यावर जावई हसला. तो मोठ्याने हसत नाही, नाकातून हसतो. 'बाबा, ते बिघडतच नाही.' मी म्हटलं, बिघडत नाही असं एकच यंत्र मी पाहिलंय, ते म्हणजे बंद खोक्यातलं.

मी जिंकलोच होतो, तेवढ्यात आतून आवाज आला. 'आणा हो ते मशीन. माझं दार तरी घरी येईल.' हीच. घरचा भेदी म्हणतात तो हाच.

गेलो दुकानात, आवाज ताडून बघायला फळी काखेत मारून. दुकानदार म्हणजे गोड बोलण्याचा कारखाना. मशीन काढलं, काळं, ताटाएवढं, वर काच, काचेत अक्षरं पळतायत, खाली बटणांची ओळ. 'दोनशे आवाज आहेत काका यात.' मी म्हटलं, मला चार पुरतात. तो म्हणाला, 'हा ऐका, अंतराळ.' सूंऽऽऽ… 'हा पाण्याखालचा.' बुळुक, बुळुक… अरे, पाण्याखाली माझा जन्म गेलाय, पाण्याखाली असा आवाज येत नाही, तुंबलेल्या संडासाच्या भांड्यात येतो. 'आणि हा कारखाना.' म्हटलं, लग्नात वरमाईला कारखाना ऐकवू का? पण जावई त्याच्या बाजूने, दुकानदार जावयाच्या बाजूने, दोघं एकमेकांकडे बघून माना डोलावतायत, 'एका डब्यात सगळं', 'एका डब्यात सगळं', आणि दुकानदार माझ्या फळीकडे बोट करून म्हणतो, 'हे भंगार बदल्यात ठेवून घेतो की.' भंगार. मी हो म्हटलं का? नाही. नाही म्हटलं का? तेही नाही, खोटं कशाला बोलू. डोळ्यांसमोर ती डाव्या कडेची खुर्ची दिसत होती आणि तिच्यावर बटण बसलेलं. तेवढ्या वेळात त्याने चारही डब्या फळीवरून सोडवल्यासुद्धा. दाढ काढतात ना, तसं वाटलं.

दार घरी आलं. आणि तुम्हाला सांगतो, हिने कपाटाच्या बिजागऱ्या आणि स्क्रू इतकी वर्षं एका डबीत जपून ठेवलेले. इतकी वर्षं. माझा भरवसा नव्हता म्हणू की होता म्हणू? त्याच संध्याकाळी दार जागेवर. भोकांसकट.

इकडे जावई मला मशीन शिकवतोय. 'बाबा, तुमच्या पायाची सवय मोडायला नको म्हणून मी तुमचेच चार आवाज त्याच क्रमाने लावलेत. पहिलं फाटकी, दुसरं थंडीताप, तिसरं विहीर, चौथं रडकी. आणि तुमचा तो खोक्याएवढा स्पीकर न्यायचाच नाही. याची वायर थेट हॉलच्या मोठ्या स्पीकरला.' म्हटलं, मग मला माझा आवाज कुठून येणार? म्हणाला, 'सगळ्यांचा येतो तिथूनच.' वरून मुलगी बोलली, 'बाबा, त्यांनी किती प्रेमाने केलंय.' प्रेमाने केलं म्हटलं की पुढे बोलायची सोयच राहत नाही.

आणि उजाडला तो लग्नाचा कार्यक्रम. हॉल भरलेला. ही पहिल्या रांगेत, शेजारी जावई, छाती अशी की जणू तोच वाजवणार. पहिली दोन गाणी झाली, खरखर नाही. मी कान देऊन ऐकत होतो, नाही म्हणजे नाही. मग आलं ते संथ गाणं, ज्याच्या मधे सगळे थांबतात आणि माझी गिटार एकटी वाजते. माझा तुकडा. त्या एका तुकड्यासाठी मी बाकीची सगळी कटकट सोसतो. जागा आली, तिसऱ्या बटणावर टाच ठेवली, देहाचा भार टाकला, 'बस गं बाई', दाबून धरलं, डोळे मिटले, आणि वाजवलं.

काय आवाज आला म्हणून सांगू. पहिला सूर जरा हरवल्यासारखा वाटला, पण मग असा स्वच्छ, असा गोल, धुतलेल्या काचेसारखा. मी डोळे मिटूनच मनात म्हटलं, च्यायला, जावई बरोबर होता की. पोटात दुखलं, पण म्हटलं. तुकडा संपला, परत टाच दाबली, डोळे उघडले, लोक टाळ्या वाजवतायत. मी उठून वाकलो. खुर्चीवरून उठून, हात छातीवर ठेवून, वाकलो. हे लक्षात ठेवा, कारण मला ते विसरता येत नाही.

बाई जवळ येऊन म्हणाल्या, 'काका, आज काय वाजवलंत. खुर्ची तुमचीच.' जावई म्हणाला, 'बघितलंत बाबा? एका डब्यात सगळं.' आणि मी, मी त्याची पाठ थोपटली हो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत बसलेलो आणि ही कपाटाचं दार उघडते, बंद करते, उघडते, बंद करते, नवं खेळणं मिळाल्यासारखं. मग पाठ माझ्याकडे ठेवूनच म्हणाली, 'एक विचारू? रागवायचं नाही. काल त्या मधल्या तुकड्यात तुम्ही वाजवत नव्हता का?' म्हटलं, वेड लागलंय? अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. 'हो, पण,' म्हणाली, 'तुम्ही त्या वरच्या सुरावर जाताना नेहमी अडखळता ना, तसं काल नाही अडखळलात. म्हणून म्हटलं.'

ऐकलंत? नेहमी अडखळता. शांतपणे, साखरेच्या डब्यात चमचा घालत.

मी कप ठेवला. मशीन काढलं, गिटार जोडली, घरचा स्पीकर लावला. तिसऱ्या बटणावर माझ्या पद्धतीने टाच दाबून धरली आणि तार छेडली. काही नाही. स्मशान. काचेवर फक्त एक काटा डावीकडून उजवीकडे हलतोय. जावयाला बोलावलं. त्याने काटा बघितला आणि त्याचं नाकातलं हसू नाकातच मेलं. 'बाबा… हे बटण हलकेच दाबायचं असतं. दाबून धरलं की सूर जुळवायचं चालू होतं. तेव्हा बाहेरचा आवाज बंद असतो, लोकांना टुंगटुंग ऐकू जाऊ नये म्हणून.'

म्हणजे मी अख्खा तुकडा, डोळे मिटून, भरल्या हॉलसमोर, मुका वाजवला. आणि वाकलो. मग ऐकू काय येत होतं? कोण होतं ते धुतलेल्या काचेसारखं?

आता बघा, गप्प बसलो असतो तर खुर्ची पक्की होती. हिला आणि जावयाला सोडून कुणाला काही कळलेलं दिसत नव्हतं. हीसुद्धा म्हणाली, 'जाऊ द्या, तालमीत बोलू नका.' पण मी असा माणूस आहे की गळका नळ बघून पुढे जाता येत नाही. तालमीला गेलो, गिटार काढलीच नाही, उभं राहून म्हटलं, बाई, त्या लग्नात मधला तुकडा मी वाजवला नाही. माझं मशीन मुकं होतं. ज्याला तुम्ही खुर्ची दिलीत तो मी नव्हे.

बाई आधी हसल्या, मग माझं तोंड बघून हसायच्या थांबल्या. 'मग कोण वाजवत होतं?' ड्रमवाल्याने कीबोर्डवाल्याकडे पाहिलं. आणि तो कीबोर्डवाला खाली मान घालून म्हणतो, 'काका, पहिला सूर आलाच नाही तुमचा. तुम्ही डोळे मिटलेले. काय करणार? ते बटण दाबलं आणि सांभाळून घेतलं. तुमची खुर्ची जाऊ नये म्हणून बोललो नाही.' म्हटलं, अरे, मग मला वाकू कशाला दिलंस? तुझ्या टाळ्यांना मी वाकलो. मेलेल्या माणसाच्या गळ्यात हार घातलास तू. बिचारा म्हणाला, 'चुकलं काका. पण तुम्ही इतके खूश दिसत होता…' शिवी तोंडात आली आणि गिळावी लागली.

बाई म्हणाल्या, 'बटणाचं बोलले होते ते माझं चुकलं. पण काका, खरखर चालणार नाही. मशीन आणा की पेडलं आणा, पुढच्या कार्यक्रमात स्वतः वाजवा आणि स्वच्छ वाजवा. मग खुर्चीचं बोलू.'

मी तसाच दुकानात. जावई मागे, मशीन त्याच्या काखेत. दुकानदाराने माझं 'भंगार' काचेच्या कपाटात, दिव्याखाली मांडलेलं, खाली चिठ्ठी, 'दुर्मिळ'. मी चिठ्ठीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. माझ्या हातात पाना होता, तो मी कामावरून आलो की असतोच. त्याने मुकाट्याने डब्या काढून दिल्या, मशीन ठेवून घेतलं, आणि भंगार म्हटल्याबद्दल हात जोडले. जावयाने रस्त्यात, स्कूटरवर, माझ्याकडे तोंड न करता माफी मागितली. स्कूटर तोच चालवत होता म्हणून ते चालवून घेतलं.

घरी आलो तर ही वाटीत एक वायरीचा तुकडा घेऊन उभी. 'दार पुसताना मुठीखाली सापडला. बघा, चेपून पार उघडा पडलाय.' बघितलं. कपाटाची मूठ मी दारावरून काढलीच नव्हती, दार उचलायला बरी म्हणून. फाटकी आणि थंडीतापमधली वायर तिच्या खालून गेलेली, आणि फळी उचलली की मूठ तिला चावायची. खर्रर्रर्र… फुस्स. म्हणजे दोष सुट्या पेडलांचा नाही, मशीनची गरज नव्हती, दोनशे आवाजांची तर नव्हतीच. सगळं कशामुळे, तर कपाटाच्या मुठीमुळे. ही म्हणाली, 'मी तर पहिल्यापासून म्हणते, दार घरी आणा.' म्हणते कधी? पडदा सरकवायला सांगायची ती.

नवी वायर घातली. पण फळी? ही दार द्यायला तयार नाही. दुसऱ्या फळीवर डब्यांची भोकं जुळेनात, माझा पाय चाचपडायला लागला. शेवटी तह झाला. डब्या दारावर बसवल्या, आतल्या बाजूने, आणि दार कपाटाला. कार्यक्रमाच्या दिवशी चार स्क्रू काढायचे, दार घेऊन जायचं, परत आलो की हात धुवायच्या आधी लावायचं. एरवी साखर काढायला कपाट उघडलं की समोर फाटकी, थंडीताप, विहीर आणि रडकी. एका कपाटात सगळं.

पुढच्या कार्यक्रमात वाजवलं. माझ्या स्पीकरमधून, डोळे उघडे ठेवून. खरखर नाही. कीबोर्डवाल्याने दोन्ही हात मांडीवर ठेवलेले, मला दिसतील असे. विहीर दाबून धरली, बसली, आणि तुकडा वाजवला. त्या वरच्या सुरावर जायच्या आधी माझी नजर पहिल्या रांगेत गेली. ही डोळे मिटून बसलेली, आणि मी तिथे पोचायच्या जरा आधीच हिची मान हलली. मग मी पोचलो… आणि ते झालं, जे नेहमी होतं. आणि ही हसली.

बाई म्हणाल्या, 'काका, बसा खुर्चीवर.' खुर्ची राहिली.

पण तुम्हाला सांगतो, ते अडखळणं नाही. ती त्या सुराची जागा आहे, तिथे मुद्दाम क्षणभर थांबायचं असतं, दाराशी माणूस चप्पल काढायला थांबतो तसं. इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकलं आणि हिला ते अडखळणं वाटलं? आणि वाटलं ते वाटलं, इतकी वर्षं सांगितलं नाही? जावयाने माफी मागितली, दुकानदाराने मागितली, कीबोर्डवाला अजून समोर आला की मागतो, बाईंनीसुद्धा मागितली. एकाच माणसाची बाकी आहे. ती ही बघा, तुमच्यासाठी साखर काढायला उठली, दार उघडलं आणि माझ्या विहिरीला टॉवेल अडकवून ठेवला. माझी बायको.